पूज्याचं दार

“मेघाताई, हे लोडिंग होऊन राहिल्यासारखं दिसते,” रितिका म्हणाली आणि स्क्रीनवरच्या गोलाला नखानं टिचकी मारून हसली. “लोकं फोन धरून बसून राहतीन, आता सुरू होइन, मंग सुरू होइन. बंद कर ना ते खालचं. एका क्लिकचं काम हाय.” तिच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. ती वयानं लहान आणि हुद्द्यानं मोठी होती, दोन्हींचा तिला सारखाच संकोच वाटायचा, म्हणून प्रत्येक सुधारणा ती गमतीत सांगायची. मेघानंही हसल्यासारखं केलं. गोल तिथंच होता. गेरूच्या रंगाचा, हातानं काढल्यासारखा जरा चेपलेला, आणि खालच्या अंगाला बोटभर तुटलेला. व्हरायटी चौकातल्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. मेट्रो गेली की टेबलावरच्या ग्लासातलं पाणी शहारायचं. आताही शहारलं. पाण्यात बारीक गोल उठले, कडेला जाऊन मिटले. सगळे बंद गोल. मेघाला वाटलं, आता आपल्याला काहीतरी व्हायला हवं. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. काही झालं नाही. झोपेत अंगाखाली दबलेला हात जागेपणी उचलून पाहावा, तर तो असतो आपलाच, पण कोणीतरी ठेवायला दिल्यासारखा. मुंग्यासुद्धा अजून आलेल्या नसतात. भाऊ, पियुष, गेल्यापासून, म्हणजे उन्हाळ्यापासून, ती सगळीच्या सगळी त्या हातासारखी होती.

काम तसं साधं. परदेशातल्या कोणासाठी तरी फोनवरचा खेळ बनत होता. खेळात एक बेट, बेटावर तीन जमाती, आणि तिघींचे तीन धर्म, जगात कुठंच नसलेले. कोणाच्या खऱ्या देवाला धक्का नको, म्हणून नुसत्या आकारांचे धर्म करायचं ठरलं. डोंगरावरचे त्रिकोणवाले: एक वर, दोन खाली, सगळा नमस्कार टोकाला. मैदानातले चौकोनवाले: त्यांचा देव बांधावर राहणार, आणि चुकलेल्या माणसाला ते चौकोनाबाहेर उभं करणार. नदीकाठचे गोलवाले मेघाच्या वाट्याला आले. “गोलाचं काय, त्याचा काहीही अर्थ निघते,” रितिका बैठकीत म्हणाली होती. “सूर्य टाक, चाक टाक, भाकर टाक. फक्त दोन ओळीत मावला पाहिजे.” मेघानं पेन उचललं आणि हातानं तिला न विचारता तो गोल काढला, खाली जागा सोडलेला. तिनं नीट पाहिला तेव्हा तो सगळ्यांच्या पसंतीसही उतरला होता, बेटावरच्या देवळांच्या कळसांवर जाऊनही बसला होता. आता तेवढी खालची जागा भरायची, दोन ओळी अर्थ लिहायचा, आणि संध्याकाळी सगळं पाठवून द्यायचं.

तो गोल तिचा एकटीचा नव्हता. त्याचं नाव पूज्य, आणि तो तिला आणि पियुषला कन्हानच्या खाणीच्या वसाहतीत सापडला होता. पियुष तेव्हा पाटी घेऊन शाळेत जायचा आणि मेघा दारात बसून त्याची वाट पाहायची. शाळेत भैय्याजी मास्तर होते, जुन्या वळणाचे. शून्याला शून्य म्हणणं त्यांना हलकं वाटायचं. एका दुपारी पियुष रडत घरी आला. गणितं सगळी चुकली होती. मास्तरांनी पाटीवर हा भला मोठा गोल काढून वर्गाला दाखवला होता, “पियुषरावांना काय मिळालं? पूज्य!” रडणाऱ्या भावाला काही विचारायची सोय नव्हती म्हणून मेघानं आईला विचारलं, पूज्य म्हंजे काय वं? सुभद्रा कणीक मळत होती. मागचं-पुढचं काही तिला ठाऊक नव्हतं. “ज्याची पूजा करतेत ते,” ती म्हणाली. मग मेघानं नाल्यावरून बेशरमाची जांभळी फुलं आणली, पाटी भिंतीला टेकवली, फुलं वाहिली आणि हात जोडून बसली. पियुष हुंदके देत बघत राहिला. आणि मग, आपल्याला मिळालेली गोष्ट इतकी मोठी होती हे कळल्यावर, रडायचा थांबला. तीही गोष्ट मेघाला आता अशी आठवायची की कोणीतरी शेजारच्या खोलीत ती वाचून दाखवतंय. फुलांचा रंग आठवायचा. वास नाही. बेशरमाला वास असतो की नाही, हेही तिला सांगता आलं नसतं.

त्यांच्या घरी देव नव्हते. भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर, आणि कॅलेंडर. वसाहतीतल्या बाकीच्या पोरांच्या घरी भुलाबाई बसायच्या, गाणी म्हणून झाली की झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची असायची. मेघाही त्या गाण्यांना जायची, कोणी नाही म्हणायचं नाही, पण घरी आल्यावर आपल्याकडं काहीच झाकलेलं नाही असं तिला वाटायचं. त्या संध्याकाळी बाबा, वामनराव, कामावरून आले तर पाटीपुढं फुलं आणि दोन्ही लेकरं मांडी घालून. “बापा! बाबासाहेबानं आमचे देव सोडवले, अन् माह्या घरात पोट्टे नवा घडवून राहिले,” ते दारातच थबकले. “नाव काय गा ह्याचं?” पियुषनं सांगितलं. वामनरावांनी पाटी उचलली, वरची गणितं पाहिली, खालचा गोल पाहिला, आणि भिंतीला पाठ टेकून इतके हसले की सुभद्रा कणकेच्या हातानं बाहेर आली. “शून्य होय का? मंग राहू द्या. यानं आजवर कोणाचं वाईट नाही केलं.” एवढ्या परवानगीवर त्यांचा धर्म सुरू झाला.

दाराच्या मागची भिंत ही त्याची जागा, कारण दार उघडं असलं की ती दिसायची नाही. गेरूचा खडा हे त्याचं साहित्य. पहिल्यांदा त्रिकोण आला. त्रिकोण म्हणजे भांडण, कारण तिघं असले की नेहमी दोघं एका बाजूला होतात आणि एक टोकाला जाऊन रुसतो. चौकोन म्हणजे शाळा, ऑफिस, दवाखाना. जिथं आपलं नाव दुसऱ्यानं पुकारल्याशिवाय हलता येत नाही अशी कुठलीही जागा. सरळ रेघ म्हणजे बाहेर गेलेलं माणूस. आणि पूज्य म्हणजे सगळे घरी. दाराचा शोध पियुषचा. वामनराव खाणीच्या बत्तीघरात होते. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हाती डोक्याला बांधायची बत्ती द्यायची, वर आला की परत घेऊन खणात ठेवायची. “खण रिकामा दिसला का समजाचं, माणूस खाली हाय,” ते सांगायचे. “शेवटची बत्ती येत नाही तोवर आपुन हलाचं नाही.” म्हणून पूज्याला संध्याकाळी खाली जागा सोडायची. जो बाहेर असेल त्याची ती जागा. आणि जो शेवटी येईल त्यानं स्वतःच्या हातानं ती बंद करायची. दुसऱ्या कोणी नाही. आत बसलेल्यानं बंद केली तर बाहेरच्याला आपली वाट पाहत नव्हते असं वाटेल, हे पियुषनं ठरवलं होतं, आणि मेघानं त्याला भुलाबाईच्या चालीवर गाणं केलं होतं:

गोलाले माह्या दार वं बाई, दारातून आलं कोण?
आई आली, मीठ आलं, तिच्या मांगं कोण?
बाबा आले, बत्ती आली, त्याह्यच्या मांगं कोण?
मांगं कोणी नाही वं बाई, मिटून घ्या गोल.

वामनराव दमून यायचे, चपला काढायचे, आणि डबा ठेवायच्या आधी गेरूचा खडा घेऊन वाकून गोल पुरा करायचे. कुरकुर न करता. मग आतून सुभद्रा विचारायची, “आले का सगळे?” आणि दोघं ओरडायची, “आले वं आई सगळे!” आणि कडी लागायची. एकदा मात्र वामनराव आलेच नाहीत. एक खण रिकामा राहिला होता. पूज्य उघडा ठेवून लेकरं झोपली, उठली तरी उघडाच. सगळी वसाहत खाणीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. दुपारी वामनराव आले ते हसत, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “खाली शोधून शोधून आमचा जीव चालला, अन् तो बाबू पारशिवनीले साळ्याच्या लग्नात बत्ती डोक्याले बांधून नाचून राहिला!” त्यांनी गेरू घेऊन गोल बंद केला, आणि हसता हसता दोनदा गिरवल्यामुळं त्या ठिकाणी तो जाड झाला. ते जाड ठिकाण मेघाच्या डोळ्यांपुढं आताही नीट होतं. गेल्या काही महिन्यांत तिला पुन्हा पुन्हा आठवत होता तो नाचणारा माणूस. ज्याचं नावही तिला माहीत नव्हतं, आणि ज्यानं तिच्या धर्माची एक फार वाईट सवय तिला लावून ठेवली होती.

कारण पियुष गेला तोही असाच, काही न घडल्यासारखा. वैशाखातली दुपार, पन्ह्याला बर्फ नव्हता. कुलरच्या आवाजात तो काहीतरी म्हणाला. मेघा काम करत होती, तिनं काय म्हणून विचारलं नाही, विचारायची गरजही नव्हती. घरातून निघताना माणूस दुसरं काय म्हणतो. येतो. जातो असं कोणी म्हणतच नाही. मग कामठी रोडवरचा ट्रक, मग दवाखाना, तिथल्या चौकोनी खिडकीतून नाव पुकारलं जाणं. कोणीतरी त्याची कापडी पिशवी आणून दिली. ती कोरडी होती. बर्फ घेतला होता की घ्यायचा होता, हे त्या पिशवीवरून कळेना, आणि मेघा त्या गर्दीत तेवढ्याच प्रश्नाशी उभी होती, कारण दुसरा कुठला प्रश्न तिला जवळ घेत नव्हता. सगळं रीतसर झालं. भंतेजी आले, वंदना झाली. बायका म्हणाल्या, रडून घे वं पोरी, मोकळी होशीन. ती रडली नाही. मनात कुठंतरी वाटत राहिलं की रडलो तर आपल्याच हातानं गेरूचा खडा उचलल्यासारखं होईल.

दुपारी डबा उघडला तेव्हा आईचा फोन आला. आई हल्ली रोज करायची. बोलायला फारसं नसायचं.

“जेवली का?”

“जेवून राहिली.”

“भाजी खारट झाली का वं? तुहे बाबा म्हणत होते खारट झाली.”

मेघानं एक घास घेतला. मीठ होतं की नव्हतं, कळलं नाही. “नाही. चांगली हाय.”

“यायले उशीर होइन का?”

“नाही होत.”

“मंग कडी नाही लावत,” आई म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर मेघाला जाणवलं की आईनं कडी उन्हाळ्यापासून लावलीच नव्हती. रात्री मेघाच लावायची, आवाज न करता, सगळे झोपल्यावर. आणि “आले का सगळे?” हा प्रश्न, वसाहत सुटली तरी, भाड्याची घरं बदलली तरी, पोरं मोठी होऊन थट्टा करायला लागली तरी आईनं रोज विचारलेला तो प्रश्न, घरातून असा गेला होता की गेल्याचा आवाजही झाला नव्हता.

चार वाजायच्या सुमाराला रितिका चहाचे दोन ग्लास घेऊन आली आणि बाजूच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसली. गोल तसाच होता. खाली कर्सर लुकलुकत होता.

“नाही केलं का अजून?”

“करते.”

“काहून, काही खास हाय का ते गॅपमध्ये? म्हंजे अर्थ वगैरे असन तर सांग. आपुन क्लायंटले समजावू.” रितिकानं चहा फुंकला. मग आवाज जरा खाली आणला. “मेघाताई, तुले जमत नसन ना, तर फाइल मले दे. मी करून टाकते बंद. खरंच. मले तर वाटलं होतं तू सुट्टी घेशीन तेव्हा. तू दुसऱ्याच आठवड्यात आली.”

“घरी काय करू?”

“हां, तेही बरोबर.” रितिकानं पायाच्या अंगठ्यानं खुर्चीची कड खरवडली. तिला त्या विषयाजवळ थांबायचं होतं आणि तिथून पळायचंही होतं, हे तिच्या पायाच्या अंगठ्यावरून दिसत होतं. “माह्या आजीच्या वेळेस आम्ही सगळे इतके रडलो, इतके रडलो, अन् मंग कोणीतरी समोसे आणले, तर सगळे तुटून पडले. मले अजून लाज वाटते.”

“समोसा त्रिकोणी असतो,” मेघा म्हणाली.

“काय?”

“काही नाही.” तिनं फाइल दिली नाही. द्यायला काहीच हरकत नव्हती. रितिकाचं बोट स्वच्छ होतं, तिच्या मनात काही नव्हतं, तिनं तो गोल क्षणात बंद केला असता आणि पुढच्या कामाला लागली असती. बेटावरच्या हजार देवळांवर तो बंद होऊन बसला असता, आणि कुठल्याशा देशातली पोरं अंगठ्यानं त्यावर टकटक करत राहिली असती. पण दार परक्यानं बंद करायचं नसतं, आतल्यानंही नाही. ज्यानं करायचं तो कामठी रोडवर होता, किंवा पारशिवनीला, किंवा जिथं बर्फ मिळतो तिथं रांगेत. मेघाला पहिल्यांदाच आपलं म्हणणं नीट ऐकू आलं. आपण वाट पाहत होतो. पस्तिशी ओलांडलेली बाई, कॉम्प्युटरवर देव बनवून देणारी, डोक्याला बत्ती बांधून नाचणाऱ्या एका माणसाच्या भरवशावर बसली होती. तिला त्याचं हसूही आलं नाही. नुसतं कळलं, खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसावेत तसं.

“पाच मिनिटं दे,” ती म्हणाली.

गोलाची दोन टोकं निवडली की जोडायची आज्ञा द्यायची. तिनं डावं टोक निवडलं. उजवं निवडलं. मिटून घ्या गोल, ही ओळ तिच्या जिभेवर आली आणि तशीच राहिली. हाताला काही वाटत नव्हतं, म्हणूनच बहुधा तो करू शकला. क्लिक झालं.

गोल बंद झाला, पण वळून नाही. मशीनला वळण ठाऊक नव्हतं. त्यानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढली होती. खालच्या बाजूला, नेमकी त्या जागेएवढी, चोख सरळ, बोटभर रेघ. बाकीचा सगळा गोल तिच्या हाताचा, चेपलेला, डुगडुगणारा. ती रेघ मात्र तिच्या हाताची नव्हती. कोणाचीच नव्हती. मेघा बघत राहिली. सरळ रेघ म्हणजे बाहेर गेलेलं माणूस. ती दारात येऊन आडवी झाली होती. जागा त्याचीच होती, आणि तिच्यात तोच बसला होता, दुसऱ्या कोणी हात न लावता. शेवटी जो येईल त्यानं.

“अरे, मधात सरळ आलं ना ते,” रितिका मागून वाकून म्हणाली. “ओढ थोडं खाली, गोल करून टाक.”

“राहू दे.”

“मुद्दाम?”

“हो.”

रितिकानं मान तिरकी करून पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला तिरकी केली. “वेगळंच दिसते. बसल्यासारखं दिसते. चालते ना, मस्त हाय. अर्थ लिहून दे मंग, दोन ओळी.”

मेघानं लिहिलं: सगळे आले. रितिका म्हणाली, बस, एवढंच? मेघा म्हणाली, एवढंच. तेही गेलं संध्याकाळच्या पाठवणीत, बाकीच्या दोन धर्मांबरोबर.

मेट्रोत तिला खिडकीजवळची जागा मिळाली. खाली सीताबर्डी, दिवे लागत होते, कपड्यांच्या ठेल्यांवर पिवळे बल्ब, माणसांची डोकी. ऑटोमोटिव्ह चौकात उतरून शेअर ऑटोनं घर. कामठी रोडवरची ती जागा रोजच्यासारखी आली आणि गेली. रोज ती मोबाइलमध्ये पाहायची, आज बाहेर पाहिलं. रस्ता होता. एक माणूस गाडीवर संत्री रचत होता, वर एक, खाली तीन, त्याखाली आणखी.

दार लोटलेलं होतं. वामनराव टीव्हीसमोर, आवाज मोठा करून. हल्ली त्यांना कमी ऐकू यायचं. आई स्वयंपाकघरात. मेघानं चपला काढल्या आणि दारामागच्या भिंतीकडं पाहिलं. या घरात त्या भिंतीवर कधीच काही काढलेलं नव्हतं. तरी ती थोडी वाकली.

“आली का?” आईनं आतून विचारलं.

मेघाला हो म्हणायचं होतं. तोंड उघडलं तर जे आलं ते गेल्या कितीतरी वर्षांच्या सवयीचं होतं, पियुषच्या आवाजाची जागा बाजूला रिकामी सोडून एकटीनं म्हटलेलं, म्हणून अर्धंच वाटणारं.

“आले वं आई सगळे.”

भांड्याचा आवाज थांबला. टीव्हीवर कोणीतरी काहीतरी विकत होतं. वामनरावांनी ऐकलं नसावं, पण त्यांनी रिमोट उचलून आवाज बंद केला. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हाताला पीठ. तिनं मेघाकडं पाहिलं, मग मेघाच्या मागं पाहिलं, उघड्या दाराकडं, जिथं अंगणातला अंधार नुकता भरायला लागला होता. बराच वेळ पाहिलं. मांगं कोणी नव्हतं.

“लाव मंग कडी,” ती म्हणाली.

कडी उन्हाळ्यापासून हाताला नुसतं लोखंड होती. मेघानं ती धरली, ओढली, तर ती गार लागली, आणि तळहातातून कोपरापर्यंत, आधी एक, मग एकदम सगळ्या, मुंग्या चढू लागल्या.